काकूंचा मतदारसंघ

डब्लिनजवळच्या डून लेरीत मी खोली बघायला गेले, तेव्हा काकूंनी मला भाडं सांगितलं नाही की नियम सांगितले नाहीत. दार उघडून त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. माझ्या भिजलेल्या कापडी बुटांवर त्यांची नजर जरा जास्त रेंगाळली. मग म्हणाल्या, "तू या देशात टिकशील, दहा आणे. हे बूट बदलले तर बारा."

मला वाटलं, भाड्याचंच काहीतरी बोलताहेत. त्यांच्या जिभेचं वळण मला अजून माहीत नव्हतं. काकू कधी 'हो' किंवा 'नाही' म्हणत नसत. जे होईल असं वाटे ते आण्यांत सांगत. आभाळाकडे बघून "पाऊस चौदा आणे", स्टेशनवर लोकलची वाट बघताना "डार्ट वेळेवर यायची सहा आणे", शेजारच्या घरात नवं जोडपं राहायला आलं की "टिकतील, आठ आणे, आणि तेही ती बाई जोवर गप्प बसते तोवर." आणे त्यांनी स्वतः कधी खर्च केले नव्हते. त्यांच्या जन्माआधीच ते बंद झाले होते. वडिलांच्या तोंडून उचललेली ती भाषा. नागपुरात मुलींच्या शाळेत त्यांनी कित्येक वर्षं गणित शिकवलं आणि संभाव्यतेचं प्रकरण त्या आण्यांतच शिकवत. "सोळा आणे फक्त मरणाचे," हे वाक्य त्यांच्या प्रत्येक विद्यार्थिनीला पाठ असणार.

काकांच्या नोकरीपायी त्या आयर्लंडला आल्या. काका गेले तरी परत गेल्या नाहीत. मूलबाळ नव्हतं. घर लहानसं, पुढे फाटक, मागे परसात दोन कुंड्या आणि कपड्यांची दोरी. वरची खोली माझी. मी पुण्याची, शहरात एका कंपनीत कोडिंग करायचे, संध्याकाळी थकून यायचे आणि काकू ताट वाढता वाढता विचारायच्या, "काऊन गं, आज साहेब बोलला का काही? चेहऱ्यावरून बारा आणे बोलला दिसते."

सकाळी थर्मास घेऊन त्या समुद्रावर जात. तिथे बारा महिने लोक गार पाण्यात उतरतात. शेजारचे एक म्हातारे आयरिश गृहस्थ कुत्रं घेऊन येत आणि दोघं बाकावर बसून पोहणाऱ्यांवर पैज लावत. पैज बिस्किटाची. कोण किंचाळेल, कोण सरळ उडी मारेल, कोण पाय बुडवून परत फिरेल. काकू बहुतेक जिंकत. एकदा एक उंच, रुबाबदार माणूस आला. त्याने टॉवेल नीट घडी घालून खडकावर ठेवला. म्हातारे म्हणाले, हा सरळ आत जाणार. काकूंनी मान हलवली. तो खरोखरच गुडघाभर पाण्यात उभा राहून परत आला. मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं?

"जो टॉवेलाची घडी घालतो ना बाप्पा, तो घडी घालायलाच आलेला असते."

म्हातारे मला म्हणाले होते, तुझी घरमालकीण ग्रँड बाई आहे, पण तिच्यासमोर मी माझ्या तब्येतीचा विषय काढत नाही. उगाच आकडा सांगायची.

अंदाजांच्या बाजाराबद्दल त्यांना मीच सांगितलं. ऑफिसात कोणीतरी बोलत होतं, तेच मी जेवताना गंमत म्हणून बोलून गेले. इंटरनेटवर अशा साइट्स आहेत, काकू, जिथे लोक जगातल्या कुठल्याही गोष्टीवर पैसे लावतात. निवडणुकीवरसुद्धा. प्रत्येक उमेदवाराच्या नावाचे कागद विकत मिळतात, एका कागदाचा भाव शून्य ते शंभर सेंट. लोकांना तो जिंकेल असं वाटलं की भाव चढतो, नाही वाटलं की उतरतो. निकाल लागला की जिंकणाऱ्याच्या कागदाला पूर्ण डॉलर, हरणाऱ्याच्या कागदाला काही नाही.

काकूंचा घास हातात तसाच राहिला. "म्हणजे पासष्ट सेंट भाव, म्हणजे साडेदहा आणे चान्स?"

"तसंच."

"अगं, मग हे तर माझंच गणित आहे! आणि हे लोक त्यावर बाजार भरवून राहिले?"

मला त्यांचा आनंद बघून हसू आलं. दुसऱ्या दिवशी खातं उघडायलाही मीच बसले त्यांच्याशेजारी.

अमेरिकेत त्यांच्या धाकट्या बहिणीची मुलगी होती, जुई. काकूंची मुलगी म्हणावी अशीच. लहानपणी दर उन्हाळ्यात ती नागपूरला मावशीकडे राहायची. आता ती काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, एका जागेच्या प्रचारात काम करत होती. ती जागा कोणा एका पक्षाची नव्हे. एकदा इकडे, एकदा तिकडे, दर वेळी थोडक्या मतांनी. जुईची उमेदवार होती एक निवृत्त मुख्याध्यापिका. काकूंनी एवढं ऐकलं आणि ठरवून टाकलं. त्या उमेदवाराला त्या 'आपल्या बाई' म्हणू लागल्या. समोरचा उमेदवार प्रत्येक फोटोत टोपी घातलेला असे, म्हणून तो 'टोपीवाला'.

काकूंनी पहिले पैसे आपल्या बाईंवर लावले ते देवापुढे ठेवावेत तसे. पण मग मनाने त्या मतदारसंघात राहायलाच गेल्या. दुपारी तिथलं गावातलं रेडिओ स्टेशन टॅबलेटवर लावत. मक्याचा भाव, शाळेच्या बसच्या कमी केलेल्या फेऱ्या, कुठल्या पुलाचं काम रखडलंय, सगळं त्यांना ठाऊक. मी संध्याकाळी घरात शिरले की म्हणत, "काल आपल्याकडे गारा पडल्या."

"इथे? कधी?"

"इथे नव्हे गं. आपल्याकडे. नदीपलीकडच्या भागात. टोपीवाल्याची सभा वाहून गेली."

जुईचा फोन रविवारी यायचा. टॅबलेट डाळींच्या बरण्यांना टेकवून काकू स्वयंपाक करता करता बोलायच्या. मी ताटं मांडायचे, मध्येच जुईला हात हलवायचे. जुईचं मराठी गोड आणि थोडं वाकडं. "मावशी, मी आज इतकी दारं ठोठावली! एका आजोबांनी मला पाय दिला."

"पाय?"

"Pie. गोड असतो तो."

दोघी हसत सुटायच्या. फोन ठेवला की काकू भाव बघायच्या, आणि रात्री आमटी वाढताना सांगायच्या, "बाई अकरा आण्यांवर गेल्या." त्या आण्यांत किती पैसे आहेत हे मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलंही नाही.

निवडणूक जवळ आली तेव्हाचा रविवार. जुईचा फोन आला तो नेहमीच्या वेळेआधी. ती गाडीत बसली होती आणि रडत होती. तिच्या बाई सकाळी प्रचाराच्या ऑफिसात कोसळल्या होत्या. हॉस्पिटलमध्ये नेलंय, हृदयाचं काहीतरी आहे, तपासण्या चालू आहेत. फक्त चौघांना माहीत. बाईंची आई खूप म्हातारी, वृद्धाश्रमात असते. तिला आधी स्वतः जाऊन सांगायचं, मग जाहीर करायचं असं ठरलं होतं.

"मावशी, कोणाला सांगू नकोस. मला कोणाशी तरी बोलायचं होतं."

काकू किती छान बोलल्या तिच्याशी. गॅस बंद केला, हात पुसले, टॅबलेट दोन्ही हातांत धरला. "आधी पाणी पी. मग काहीतरी गरम खा. भात टाक, तूप घाल, बाकी काही करू नको. बाई बऱ्या होतात, माझ्या पोरी. तू झोप." त्यांचे स्वतःचे डोळे भरले होते. मी बाजूला उभी होते आणि मलाही भरून आलं. जुई शांत झाली. हसलीसुद्धा थोडी. फोन ठेवला.

काकूंनी टॅबलेट खाली ठेवला नाही. त्यांचं बोट काचेवर सरकलं, आणखी एकदा, मग आणखी एकदा. मला वाटलं, जुईला काही लिहिताहेत.

"काकू?"

"बाईंचे सहा आणे उरले," त्या म्हणाल्या. माझ्याकडे न बघता, फळ्यावर गणित सोडवताना बोलावं तशा आवाजात. त्यांनी बाईंचे सगळे कागद विकले आणि टोपीवाल्याचे घेतले. मग उठून गॅस लावला आणि पोळ्या लाटायला घेतल्या.

मी ताटं मांडली. आम्ही जेवलो.

देशाच्या मोठ्या निवडणुकीवर लाखो लोक पैसे लावतात. या एका जागेवर लावणारे मूठभर होते, आणि काकूंनी त्यात माझ्या कल्पनेपेक्षा बरंच घातलं होतं. लहान डबक्यात धोंडा पडावा तसं झालं. भाव कोसळला. तो कोसळलेला बघून बाकीच्यांनीही विकायला काढलं. तिथल्या एका बातमीदाराचं या बाजारावर लक्ष असे. त्याने दुसऱ्या दिवशी प्रचाराच्या ऑफिसात फोन करून विचारलं, तुमच्याकडे काही बिनसलंय का? मग शोधत शोधत तो हॉस्पिटलपर्यंत पोचला.

काकू गवार मोडत बसल्या होत्या आणि समोर तो मक्याच्या गावचा रेडिओ चालू होता. मी त्या दिवशी घरून काम करत होते, चहासाठी खाली आले होते. निवेदकाने बाईंची बातमी सांगितली. पुढे म्हणाला, बाईंच्या आईला ही बातमी रेडिओवरूनच समजली, आणि वृद्धाश्रमाच्या लोकांना तिला आवरणं कठीण गेलं.

काकूंच्या हातातली शेंग हातातच राहिली.

संध्याकाळी जुईचा फोन आला. ती उभ्या उभ्याच बोलत होती. "मावशी, सगळ्यांची चौकशी चालू आहे. आम्हा चौघांपैकीच कोणीतरी फोडलं. मी म्हटलं, मी कोणालाच सांगितलं नाही. मग मला आठवलं, तुला सांगितलं होतं. पण तू म्हणजे... तू काय, तू कोणाला सांगणार!"

"कोणाला नाही सांगितलं गं," काकू म्हणाल्या.

ते खरं होतं. एकाही माणसाला त्यांनी सांगितलं नव्हतं. मी टेबलाशी बसले होते. ते खरं वाक्य ऐकलं आणि ताटातून मान वर करण्याचं धैर्य मला झालं नाही. जुईने मला हाक मारून "कशी आहेस?" विचारलं. मी म्हटलं, "बरी."

दुसऱ्या दिवशी काकू समुद्रावर गेल्या नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. म्हाताऱ्या शेजाऱ्यांनी दार वाजवून विचारलं, तब्येत बरी नाही का? मी म्हटलं, जरा सर्दी आहे. आतून काकूंनी ते ऐकलं. मी स्वयंपाकघरात आल्यावर म्हणाल्या, "खोटं नको बोलू माझ्यासाठी. मी एकटीच पुरे आहे."

मग खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या, "शाळेत एखादी पोरगी कॉपी करताना सापडली ना, की मी मारत नव्हते. ओरडत पण नव्हते. नुसती उभी करायची, सगळ्या वर्गाला दिसेल अशी. एकदा एक पोरगी मला म्हणाली, बाई, मारा, पण उभी नका करू. तेव्हा मला वाटलं होतं, माझी पद्धत किती चांगली आहे."

त्यांनी जुईला फोन लावला. टॅबलेट बरण्यांना टेकवला आणि त्या त्याच्यासमोर ओट्यापाशी सरळ उभ्या राहिल्या. मी जायला निघाले तर म्हणाल्या, "तू थांब. तू होतीस तेव्हा."

जुई पडद्यावर आली. थकलेली होती. "बोल मावशी, लवकर."

"मी कोणाला सांगितलं नाही म्हटलं ते खरं आहे. पण मी विकलं."

"विकलं म्हणजे? काय विकलं?"

काकूंनी सांगितलं. बाजार, भाव, बाईंचे कागद, टोपीवाल्याचे कागद. वर्गात शिकवावं तसं नीट, एकेक पायरी. एक पायरी गाळली नाही. जुईच्या चेहऱ्यावर आधी नुसता गोंधळ होता. मग तो गेला.

"मी रडत होते तेव्हा?"

"तू फोन ठेवल्यावर."

"लगेच?"

"लगेच," त्या म्हणाल्या.

टॅबलेटची काच काळी झाली. काकू तशाच उभ्या होत्या. मी हात धरला तर म्हणाल्या, "बसवू नको मला."

जुईने त्याच दिवशी ऑफिसात जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी तिला घरी जायला सांगितलं. रागावून नाही, असं तिच्या आईने काकूंना कळवलं, बाई तर म्हणाल्या की पोरगी प्रामाणिक आहे. पण ज्या दारांवर ती इतके महिने गेली होती, तिथे शेवटच्या आठवड्यात दुसरंच कोणीतरी गेलं. काकूंनी प्रचाराच्या ऑफिसला लांबलचक मेल लिहिला, दोष माझा आहे म्हणून. त्याचं दोन ओळींचं उत्तर आलं, आभारी आहोत. जुईने फोन उचलला नाही.

निकाल इथे सकाळी समजला. मी ऑफिसला निघत होते. बाई जिंकल्या. थोडक्याने, पण जिंकल्या. त्यांच्या छातीत छोटं यंत्र बसवलं होतं आणि प्रचाराचे शेवटचे दिवस त्यांनी खुर्चीत बसून काढले होते. लोकांना ते आवडलं असावं. काकूंनी टॅबलेटवर विजयाच्या सभेची चित्रफीत लावली होती. एकसारखे टीशर्ट घातलेली तरुण पोरं एकमेकांना मिठ्या मारत होती. काकू ती पुन्हा पुन्हा मागे नेत होत्या आणि एकेक चेहरा निरखत होत्या. जुई तिथे नाही हे त्यांना माहीत होतं. तरी बघत होत्या.

टोपीवाल्याचे कागद आता कशाचेच नव्हते. मला वाटलं काहीतरी बोलावं. म्हटलं, "निदान ते पैसे तरी गेले, काकू. सुटलात."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "ते शिक्षेत धरू नको. मी ज्याच्यावर लावले तो हरला, म्हणून गेले. तो जिंकला असता तर मी ते घेतले असते की नाही, हे मला अजून माहीत नाही."

त्या दिवसानंतर त्यांचं आण्यांतलं बोलणं थांबलं. पुढे काही आठवड्यांनी त्या समुद्रावर जायला लागल्या, पण म्हाताऱ्यांनी पाण्याकडे बोट दाखवून विचारलं की म्हणायच्या, सांगता येत नाही. म्हाताऱ्यांनी दोन-चारदा विचारलं आणि मग सोडून दिलं. दोघं नुसते बसायचे, कुत्रं मध्ये. घरात मी "पाऊस येईल का हो?" असं मुद्दाम विचारून बघायचे. काकू म्हणायच्या, "छत्री ने." साइटवरचं खातं त्यांनी मला बंद करायला लावलं, आणि मी करत असताना पाठीशी उभ्या राहिल्या. बंद झालं ना, असं दोनदा विचारलं.

वसंतात जुईच्या आईचा निरोप आला. जुईला नवीन नोकरी लागली होती, कामासाठी डब्लिनला यायची होती. एका दुपारी घरी येईन म्हणाली होती. काकूंनी मला विनंती केली, "तू घरी राहा त्या दिवशी. आम्ही दोघीच नको."

त्यांनी साधाच स्वयंपाक केला. जुई आली, वाकून नमस्कार केला, खुर्चीच्या कडेवर बसली. पडद्यावर दिसायची त्यापेक्षा उंच होती. डार्टमधून समुद्र किती जवळून दिसतो, इथे बसला पास लागतो का, असलंच काहीबाही बोललो. काकू विचारत काहीच नव्हत्या. फक्त वाढत होत्या. माफीचा शब्दही काढला नाही. तो काढला तर तिला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि तेवढाही भार तिच्यावर टाकायचा नाही, असं त्यांनी ठरवलेलं दिसत होतं.

जेवण अर्ध्यावर आलं आणि जुईचा फोन वाजला. तिने नाव बघितलं. मग एकदा मावशीकडे बघितलं. "Sorry, एक मिनिट," म्हणत ती उठली, मागचं काचेचं दार सरकवून परसात गेली आणि दार बाहेरून घट्ट लावून घेतलं. बाहेर बारीक पाऊस लागला होता. स्वेटशर्टची टोपी डोक्यावर ओढून, आमच्याकडे पाठ करून, ती दोरीखाली उभी राहून बोलू लागली. वाऱ्याने पाऊस आडवा येत होता आणि ती भिंतीला आणखी आणखी चिकटत होती.

काकू काचेतून बघत होत्या. माझ्या तोंडून काहीतरी निघणार होतं, ऑफिसचा असेल फोन, असंच काहीतरी. त्यांनी हातानेच मला थांबवलं. उठल्या, हात धुतले, खुंटीवरचा कोट घातला.

"तिला आत बोलव," त्या म्हणाल्या. "भिजून राहिली पोरगी. म्हणावं, आत बस आणि बोल सावकाश. मी बाहेर जाते."

"अहो काकू, पाऊस आहे."

"हो, दिसते मला."

पुढचं दार उघडून त्या बाहेर पडल्या. मी परसाचं दार सरकवलं आणि जुईला म्हटलं, आत ये, मावशी बाहेर गेल्यात. ती काही समजलं नाही अशी माझ्याकडे बघत राहिली. मग आत आली. पुढच्या खोलीच्या खिडकीतून काकू दिसत होत्या. फाटकाच्याही पलीकडे, रस्त्याच्या कडेला, घराकडे पाठ करून उभ्या. आतलं काही कानांवर येणार नाही इतक्या लांब.

जुईने फोन कानापासून खाली घेतला होता. त्यातून कोणाचा तरी आवाज येत होता. ती खिडकीशी उभी राहून बाहेर बघत होती.

"किती वेळ उभी राहणार ती तिथे?" तिने मला विचारलं.

"तुझं बोलणं होईपर्यंत."

जुईने लगेच हाक मारली नाही. फोन परत कानाला लावला आणि जे बोलायचं होतं ते पुरं बोलली, आतल्या खोलीत, हळू आवाजात. बाहेर शेजारचे म्हातारे कुत्र्याला घेऊन गेले, काकूंशी काही बोलले असावेत, काकूंनी मान हलवली. त्यांनी पुढे केलेली छत्री घेतली नाही. मग जुईने फोन ठेवला, पुढच्या दाराशी गेली आणि दार पूर्ण उघडून म्हणाली, "मावशी, झालं माझं."

काकू वळल्या. पण आत यायच्या आधी त्यांनी फाटकाशीच थांबून विचारलं, "नक्की झालं ना? मला घाई नाही."